छत्तीस गुण, बत्तीस जीबी

"सेम टू सेम आहे, डोळे मिटून घ्या," असं तो म्हणाला. आणि मी घेतली. अगदी डोळे मिटून.

तो म्हणजे हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीत काम करणारा एक सज्जन मुलगा. डेस्कटॉप मोडून त्याने लॅपटॉप घेतला होता आणि जुने पार्ट्स विकायला काढले होते. आम्ही भेटलो वाकडच्या एका चहाच्या टपरीवर. त्याने टिश्यू पेपरात गुंडाळलेल्या रॅमच्या दोन स्टिक्स बॅगेतून काढल्या, मी मोबाईलमध्ये माझ्या मशीनमधल्या स्टिक्सचा फोटो उघडला, आणि पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं माना खाली घालून नंबर जुळवत बसलो. ब्रँड तोच. रंग तोच. ८ अधिक ८ जीबी, स्पीड ३२००. लेबलवरचा तो लांबलचक मॉडेल नंबरसुद्धा अक्षर न् अक्षर तोच. शेजारी चहा पीत बसलेल्या काकूंना नक्की वाटलं असणार की हे 'बघण्याचं' नवीन मॉडर्न व्हर्जन आहे. फार चुकीचंही नव्हतं म्हणा ते. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळत होते!

पुढच्या तीन आठवड्यांत माझं मशीन सात वेळा हँग झालं, दोनदा आपोआप रीस्टार्ट झालं, आणि माझ्या आजोबांचा आवाज अर्धवट तुटला. त्याबद्दल सांगतेच. पण आधी थोडा फ्लॅशबॅक.

मशीन माझं २०२० मधलं. लॉकडाऊनमध्ये घरून काम करायची वेळ आली तेव्हा असेंबल करून घेतलेलं. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, चार स्लॉटचा मदरबोर्ड, डीडीआर४ ची १६ जीबी रॅम. त्या काळी १६ जीबी म्हणजे श्रीमंती वाटायची. हळूहळू ब्राउझरचे चाळीस टॅब, एका बाजूला व्हिडिओ एडिटिंग, दुसऱ्या बाजूला मीटिंगचं अ‍ॅप, मागे गाणी, असा संसार वाढला. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा ९० टक्क्यांच्या खाली यायचं नावच घेईना. अशा वेळी विंडोज काय करतं, तर रॅममधलं थोडं सामान उचलून एसएसडीवर नेऊन टाकतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. माळ्यावरून डबे काढण्यासारखं. एसएसडी कितीही फास्ट असली तरी रॅमपुढे ती माळाच. टॅब बदलला की मशीन दोन सेकंद विचारात पडायचं.

रिकामे स्लॉट दोन होतेच. मग नवीन रॅम का नाही घेतली? कारण ती वेळ होती जानेवारी २०२६ ची. ज्यांनी तेव्हा रॅमचे भाव विचारले असतील त्यांना पुढचं सांगायला नको. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव असे काही उसळले की दुकानदारसुद्धा कोटेशन देताना "आजचा रेट आहे हां" असं बजावत होते. जगातली बहुतेक रॅम, मग तिच्यावर स्टिकर कुठल्याही ब्रँडचा असो, आतून तीनच कंपन्यांच्या चिप्सवर चालते: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटर्सना लागणारी मेमरी बनवण्यात या तिघींना जास्त पैसा दिसला आणि तुमच्या-माझ्या डेस्कटॉपच्या वाट्याला कमी माल आला. त्यात डीडीआर४ म्हणजे आधीची पिढी, तिचं उत्पादन तसंही आवरतं घेणं चालू होतं. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने जाहीर करून टाकलं की क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा, १९९६ पासूनचा ब्रँड आता गुंडाळणार. अशा दिवसांत सेकंड हँड ८ अधिक ८ जीबी, तीही डिट्टो आपल्यासारखी, मिळणं म्हणजे लॉटरीच.

घरी आले, मशीनचं कॅबिनेट उघडलं, स्टिक्स बसवल्या. (दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्क' वाजेपर्यंत दाबायचं. निम्म्या लोकांचा 'रॅम खराब निघाली' हा प्रॉब्लेम त्या न वाजलेल्या 'टक्क'मध्ये असतो.) चालू केलं. ३२ जीबी दिसली. मी आरशासमोर उभी राहून स्वतःला शाबासकी दिली. खरंच दिली.

आता गोम कुठे आहे ती बघा.

स्टिकवर ३२०० लिहिलेलं असतं, पण ती बॉक्समधून काढून लावली की ३२०० वर चालतेच असं नाही. प्रत्येक स्टिकवर एक छोटीशी चिप असते, तिला म्हणतात एसपीडी. ही तिची पत्रिकाच समजा. त्यात आधी एक सरळमार्गी, सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेला स्पीड लिहिलेला असतो, २१३३, २४०० किंवा २६६६ वगैरे. मशीन पहिल्यांदा त्यावरच चालू होतं. ३२०० हा आकडा असतो एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलमध्ये. इंटेलने ही भानगड डीडीआर३ च्या वेळी, २००७ मध्ये आणली. एएमडीच्या डीडीआर४ बोर्डांवर तिला डीओसीपी, ए-एक्सएमपी अशी वेगवेगळी नावं आहेत, आणि डीडीआर५ साठी एएमडीने २०२२ मध्ये स्वतःचं एक्स्पो काढलं. नावं काहीही असोत, फंडा एकच. बायोसमध्ये जाऊन तुम्ही हे प्रोफाइल हाताने ऑन करायचं, मग रॅम पळायला लागते. (आत्ताच टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, आणि तिथला स्पीड बघून या. कित्येकांची ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ वर रमतगमत चाललेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो.)

एक्सएमपी म्हणजे सोप्या भाषेत कंपनीने करून दिलेलं ओव्हरक्लॉकिंग. डीडीआर४ चं नेहमीचं व्होल्टेज १.२, एक्सएमपीमध्ये ते बहुतेक वेळा १.३५ होतं. आणि कंपनी जेव्हा दोन स्टिक्सचं किट एका पाकिटात विकते, तेव्हा तिचं म्हणणं एवढंच असतं की या दोघी एकत्र या स्पीडला आम्ही चालवून बघितल्यात. या दोघी. या दोघी आणि वाकडच्या टपरीवर भेटलेल्या आणखी दोघी, असं कुणी म्हटलेलं नसतं.

मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. कुठेतरी वाचलं होतं. पण मॉडेल नंबर सेम होता ना! मी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी ऑन ठेवलं, ३२०० दिसलं, विषय संपला.

पहिला आठवडा मस्त गेला. चाळीसचे साठ टॅब झाले. दुसऱ्या आठवड्यात ब्राउझरचा एखादा टॅब आपोआप मरायला लागला. म्हटलं, वेबसाइटच भंगार असेल. मग एकदा निळा स्क्रीन आला, 'मेमरी मॅनेजमेंट' असा एरर दाखवून. म्हटलं, विंडोजचं अपडेट असेल. आपण कुणाकुणाला दोष देतो बघा! एसएमपीएसला दिला, घरातल्या वायरिंगला दिला, एमएसईबीच्या व्होल्टेजला तर दिलाच. नवीन रॅमचं नाव मात्र तोंडात येईना, कारण ती स्वस्तात मिळाली होती आणि मला तिचा अभिमान होता.

त्याच आठवड्यात माझी जुनी हार्ड डिस्क कुरकुर करायला लागली. तिच्यावर माझ्या आजोबांची रेकॉर्डिंग्ज होती. आजोबा परळच्या एका गिरणीत होते, साच्यावर. २०१९ मध्ये मी पाच रविवार त्यांच्यासमोर रेकॉर्डर ठेवून बसले होते. पाच बैठका, पाच फाइल्स, प्रत्येकी साधारण तासाभराची, मिळून ३ जीबी. पहिल्या फाइलमध्ये गाव आणि मुंबईला येणं, दुसरीत खोली, खानावळ आणि भजनी मंडळ, तिसरीत १९८२ चा संप. आजोबा २०२१ मध्ये गेले. या फाइल्स नीट ठेवायच्या, एवढं एक काम माझ्याकडे होतं.

मी ते केलं. सगळं नवीन एसएसडीवर कॉपी केलं, जागा वाचावी म्हणून पाचही फाइल्सची एक झिप केली, झिप क्लाउडवर चढवली, आणि शहाण्या मुलीसारखा मूळ फोल्डर डिलीट केला. जुनी डिस्क फॉरमॅट करून भंगारात. एकदम व्यवस्थित!

आठ दिवसांनी आत्याने विचारलं, "बाबांचं ते संपाचं बोलणं ऐकव ना गं." झिप उघडली. चार फाइल्स आल्या. तिसरीवर सीआरसी एरर. क्लाउडवरची कॉपी उतरवली. तोच एरर. अर्थात! तुटलेलीच झिप मी दोन ठिकाणी जपून ठेवली होती.

रात्री साडेअकराला ठाण्याच्या मावसभावाला फोन लावला. आमच्या खानदानात कॉम्प्युटरचं काही झालं की यालाच फोन जातो. बिचाऱ्याने अजून नंबर बदललेला नाही.

"दादा, झोपलास?"

"तू फोन करणार आणि मी झोपणार? बोल."

सगळं सांगितलं. तो गप्प राहिला आणि मग एकच प्रश्न विचारला, "मधे मशीनमध्ये काय बदललंस?"

"रॅम घातली. पण दादा, ती सेम टू सेम..."

"मेमटेस्ट लाव आणि झोप."

मेमटेस्ट८६ प्लस हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे. ते पेनड्राइव्हवर टाकायचं, मशीन त्यावरून चालू करायचं. विंडोज उघडतच नाही. ते रॅमच्या कानाकोपऱ्यात वेगवेगळे पॅटर्न लिहितं, परत वाचतं आणि जे लिहिलं तेच वाचलं का ते तपासतं. एरर आला की लाल अक्षरात दाखवतं. मी लावलं आणि दात घासायला गेले. परत येईपर्यंत लाल अक्षरं दिसायला लागली होती.

मग सुरू झाला खरा तपास. जुनी जोडी एकटी, ३२०० वर: रात्रभर शून्य एरर. नवीन जोडी एकटी, त्याच स्लॉटमध्ये, ३२०० वर: शून्य एरर. चारही एकत्र: लाल. म्हणजे कुणीच वाईट नव्हतं. त्या हिंजवडीच्या मुलाने मला फसवलं नव्हतं. दोन्ही घरची माणसं सज्जन, पण सून आणि सासू एका ओट्यावर नको, असा मामला!

शनिवारी स्टिक्स पाकिटात घालून तपकीर गल्ली गाठली. तिथे एक काका आहेत, रिपेअरिंगचं छोटंसं काउंटर. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, चारही स्टिक्स लाइटखाली धरल्या आणि लेबलच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"ताई, हे वाचलंत का?"

मॉडेल नंबरच्या खाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, व्हर्जन नंबर होता. माझ्या जोडीवर एक, नव्या जोडीवर वेगळाच.

"मॉडेल म्हणजे आडनाव," काका म्हणाले. "आतलं माणूस वेगळं असू शकतं."

झालं होतं असं. रॅमचे बरेच ब्रँड स्वतः मेमरी चिप बनवत नाहीत, विकत घेतात. या तिमाहीत या कंपनीच्या चिप्स, पुढच्या वर्षी त्या कंपनीच्या. वरचं काळं पत्र्याचं कव्हर तेच, मॉडेल नंबर तोच, लिहिलेलं स्पीड आणि टायमिंग तेच. पण आतल्या चिप्स वेगळ्या, कधीकधी त्यांची मांडणीही वेगळी. एका स्टिकमध्ये एकाच बाजूला चिप्स, तर दुसरीत दोन्ही बाजूंना. यालाच सिंगल रँक आणि ड्युअल रँक म्हणतात. (अगदी काटेकोर बोलायचं तर बाजू आणि रँक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण दुकानात एवढं पुरतं.) लेबलवर चार मुख्य टायमिंग लिहिलेले असतात, १६-१८-१८-३६ असे. त्यांच्या मागे आणखी डझनावारी बारीक टायमिंग असतात. ते लेबलवर नसतातच. चिप बदलली की तिची त्या बारीक गोष्टींची सहनशक्ती बदलते. मशीन चालू होताना मदरबोर्ड चारही स्टिक्सशी बोलून सगळ्यांना जमेल असा मधला रस्ता काढायचा प्रयत्न करतो. बहुतेक वेळा जमतं. माझ्याकडे 'जवळजवळ' जमलं, आणि ते सगळ्यात वाईट. अजिबात चालूच झालं नसतं तर मी दुसऱ्या दिवशी स्टिक्स परत दिल्या असत्या आणि आजोबा शाबूत राहिले असते.

एवढ्या बारीक गोष्टींनी फरक पडतो? थोडा हिशोब करू. ३२०० म्हणजे प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट्स. एका बिटच्या वाट्याला येतो नॅनोसेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा. तेवढ्या वेळात प्रकाश जातो जेमतेम नऊ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या तळहाताएवढा. या वेगात उशीर, आवाज, उसळी, सगळंच मोजलं जातं.

आणि इथे दुसरा, जास्त महत्त्वाचा मुद्दा येतो. समजा माझ्या चारही स्टिक्स अगदी जुळ्या बहिणी असत्या, तरी प्रॉब्लेम येऊ शकला असता! आपल्या नेहमीच्या बोर्डावर स्लॉट चार असले तरी प्रोसेसरकडे जाणारे रस्ते, म्हणजे चॅनल, दोनच असतात. प्रत्येक चॅनलवर दोन स्लॉट. वन बीएचके शेअर करून राहिलेल्यांना हे लगेच कळेल: एका बाथरूमला एक माणूस, सकाळ सुखाची. एका बाथरूमला दोन माणसं, मग वेळापत्रक लागतं, आणि सगळं थोडं हळू होतं. एएमडीने माझ्या रायझन ३००० मालिकेसाठी हे स्वच्छ लिहूनच ठेवलंय. दोन स्टिक्स असतील तर ३२००. चार सिंगल रँक असतील तर २९३३. चार ड्युअल रँक असतील तर २६६७. त्याच्या वर चाललं तर तुमचं नशीब, कंपनी जबाबदार नाही. मी हे सहा वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं.

डीडीआर५ वाल्यांनी तर कान टवकारून ऐका. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा आहे दोन स्टिक्सवर ५२००, आणि चार स्टिक्सवर ३६००. एवढी मोठी घसरण! म्हणजे ६००० चं महागडं किट घेतलं, वर्षाने डिट्टो तसंच दुसरं घेतलं, चारही लावली आणि एक्स्पो ऑन केलं, तर मशीन चालू होईलच याची गॅरंटी नाही. त्यात डीडीआर५ ची मशिन्स नवीन रॅम घातल्यावर पहिल्यांदा चालू होताना मेमरीची जुळवाजुळव करत बसतात. स्क्रीन काही मिनिटं काळा असतो आणि लोक घाबरून बटण दाबून बंद करतात. चहा करून या, तोवर दाबू नका. पण मुळात डीडीआर५ मध्ये जास्त मेमरी हवी असेल तर माझा सल्ला आहे, जुनं किट विका आणि दोन मोठ्या स्टिक्सचं एकच किट घ्या. दोन गुणिले १६ मध्ये आणखी दोन गुणिले १६ मिसळण्यापेक्षा सरळ दोन गुणिले ३२.

काकांनी काही विकलं नाही, हे विशेष. म्हणाले, "दोन्ही जोड्या चांगल्यात. पळवू नका, चालवा."

म्हणजे काय, तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी ऑन ठेवायचं, व्होल्टेज १.३५ च राहू द्यायचं, पण स्पीडचा आकडा हाताने ३२०० वरून २९३३ करायचा. जमलं नाही तर २६६६. टायमिंगला हात लावायचा नाही. आणि बसवताना एका जोडीला तोडायचं नाही असं नाही, तोडायचंच, पण शिस्तीत: एका जोडीची एक स्टिक एका चॅनलवर, दुसरी दुसऱ्यावर. प्रोसेसरकडून मोजलं तर बहुतेक बोर्डांवर दुसरा आणि चौथा स्लॉट ही पहिली पसंती. तिथे एक जोडी. पहिल्या आणि तिसऱ्यात दुसरी. म्हणजे दोन्ही बाथरूमवर सारखाच लोड. जोड्या वेगवेगळ्या मापाच्या असल्या, समजा १६ अधिक १६ आणि ८ अधिक ८, तरी हेच. प्रत्येक चॅनलवर २४, एकूण ४८, आणि दोन्ही रस्ते पूर्ण चालू. उलट एका चॅनलवर ३२ आणि दुसऱ्यावर १६ असं केलंत, तर वरच्या १६ पुरता एकच रस्ता उरतो. बोर्डाचं मॅन्युअल बघून घ्या, प्रत्येक कंपनीची स्लॉटला नाव द्यायची तऱ्हा वेगळी.

२९३३ वर मेमटेस्ट रात्रभर लावला. सकाळी शून्य एरर. दुसऱ्या रात्री परत लावला, खात्री म्हणून. शून्य. रॅमच्या बाबतीत पास व्हायला पस्तीस टक्के चालत नाहीत. एक एरर म्हणजे नापास.

आणि स्पीड कमी झाल्याचं दुःख? प्रामाणिकपणे सांगते, मला कळतसुद्धा नाही. ३२०० वर १६ टायमिंग म्हणजे १० नॅनोसेकंद. २९३३ वर १६ म्हणजे जवळपास ११. एवढ्यासाठी मी तीन आठवडे विस्तवाशी खेळले. गेमिंगवाल्यांना काही फ्रेम्सचा फरक दिसेल, दिसू दे. मेमरी कमी पडून एसएसडीच्या माळ्यावर चढण्यापेक्षा २९३३ ची ३२ जीबी केव्हाही बरी.

सेकंड हँड घेणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी, ज्या मला वाकडच्या टपरीवर कुणीतरी सांगायला हव्या होत्या. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ एकमेकांत चालत नाहीत. खाच वेगळ्या जागी असते, बसत नसेल तर जोर लावू नका. ऑनलाइन कुठे १६ जीबीची स्टिक अविश्वसनीय स्वस्त दिसली आणि खाली बारीक अक्षरात 'रजिस्टर्ड' किंवा 'आरडीआयएमएम' लिहिलेलं असलं, तर ती सर्व्हरची रॅम आहे, तुमच्या घरच्या मशीनमध्ये चालणार नाही. घेण्याआधी विक्रेत्याकडून मॉडेल नंबर नव्हे, तर लेबलचा पूर्ण फोटो मागवा. त्याहून चांगलं म्हणजे सीपीयू-झेड नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधल्या एसपीडी टॅबचा स्क्रीनशॉट मागवा. आतली चिप कुणाची आणि रँक किती हे बहुतेक वेळा तिथे दिसतं. (तिथे मेमरीच्या टॅबमध्ये ३२०० ऐवजी १६०० दिसलं तर भांडू नका, तो अर्धाच आकडा दाखवतो.) नवीन किट घेत असाल तर पाकीट आणि बिल जपा. वॉरंटीत बऱ्याचदा एक खराब झाली तरी दोन्ही स्टिक्स पाठवाव्या लागतात. आणि हो, मशीनने जुनी रॅम अचानक ओळखायचं बंद केलं, तर सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा आपला पारंपरिक उपाय अजूनही चालतो. काकांनी माझ्यासमोरच एका कॉलेजच्या मुलाचं मशीन तसं चालू करून दिलं. वीस रुपये.

आणि एक मनापासून: नवीन रॅम घातल्यावर मेमटेस्टची एक पूर्ण रात्र होईपर्यंत कुठलीही महत्त्वाची फाइल कॉपी, मूव्ह, झिप करू नका. आपण फाइल कॉपी करतो म्हणजे ती रॅममधून जाते. वाटेत एखादा बिट एकाचा शून्य झाला तर साध्या डेस्कटॉपमध्ये बघायला कुणी नसतं. सर्व्हरमध्ये त्यासाठी ईसीसी नावाचा वॉचमन असतो, आपल्याकडे नाही. डीडीआर५ च्या चिपच्या आत एक छोटा वॉचमन दिलाय खरा, पण तो चिपच्या आतलंच बघतो, रस्त्यावर काय झालं ते त्याला कळत नाही. साध्या ऑडिओ फाइलमध्ये एक बिट बिघडला तर फार तर 'टिक्' असा आवाज येतो. झिपमध्ये मात्र एक बिट पुढचं सगळं बिघडवू शकतो.

माझ्या तिसऱ्या फाइलचं तेच झालं. दादाने ठाण्याहून स्क्रीन शेअर करून दोन तास खटपट केली आणि तुटकी का होईना, ती बाहेर काढली. २३ मिनिटं छान चालते. आजोबा सांगतात की जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, होळीपर्यंत गिरण्या चालू होतील. मग म्हणतात, "होळी आली, आणि तुझी आजी मला म्हणाली..." आणि तिथे खरखर.

आजी काय म्हणाली ते मी समोर बसून ऐकलं होतं. आठवत नाही. रेकॉर्डर चालू होता ना, म्हणून लक्ष दिलं नसणार.

आत्याला फोन करून खरं ते सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "अगं, ते मला पाठ आहे. त्या होळीला पुरण घालायला डाळ नव्हती घरात. येते मी रविवारी, सांगते." रेकॉर्डरला नवीन सेल आणलेत. हिंजवडीच्या मुलाचाही मधे मेसेज आला होता, "रॅम चालतेय ना?" म्हटलं, चालतेय, २९३३ वर. शनिवारी रात्री आणखी एकदा मेमटेस्ट लावून झोपणार आहे.